पाण्याच्या टाकीपासून पुढे

फाटकाशी गाडी थांबवून हेमीने इंजिन बंद केलं. "तू बोल," तो म्हणाला. "मी तुझ्या मागे उभा राहतो."

"टोपी?"

"काढून हातात घे. आणि पहिल्याच वाक्यात सांग, वंदना. फिरवत बसू नकोस."

न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाजवळ, आमच्या पोलीस ठाण्याच्या हद्दीतलं ते मेंढ्यांचं एक मोठं शेत होतं. मे महिना होता, म्हणजे तिकडे हिवाळ्याची सुरुवात. फाटकापासून घरापर्यंत ओली खडी पसरलेली होती. आम्ही चालत निघालो तशा दोन्ही बाजूंच्या मेंढ्या चरायच्या थांबल्या आणि माना वर करून बघत राहिल्या. मी दार वाजवायच्या आतच ते उघडलं. सत्तरीच्या बाई होत्या, हात कोपरापर्यंत पिठाचे.

"मिसेस मॅकरे? आपण आत बसू या का?"

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या टोपीकडे. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी त्या बसल्या, मी समोर बसले आणि पहिल्याच वाक्यात सांगितलं की तुमचे पती मरण पावले आहेत. दुसऱ्या वाक्यात टेकडीवर ट्रॅक्टर उलटल्याचं सांगितलं. तिसरं वाक्य शिकवलेलं नसतं. तिथे गप्प बसायचं असतं.

बाई स्वतःच्या हातांकडे बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "कुत्रा कुठे आहे?"

"त्यांच्यापाशीच बसलाय," हेमी मागून म्हणाला. "हलायला तयार नाही."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि हात धुवायला उठल्या.

त्यांची बहीण येईपर्यंत आम्ही थांबलो. परत गाडीत बसल्यावर हेमी म्हणाला, "बरोबर केलंस." हेमी आमचा सार्जंट. माओरी, आडव्या बांध्याचा, फारसं न बोलणारा माणूस. त्याने बरोबर म्हटलं की बरोबरच असायचं.

अशी बातमी दारात घेऊन जायची ही माझी तिसरी वेळ होती. पहिल्या वेळेनंतरच्या रविवारी मी अण्णांना फोनवर सगळं सांगितलं होतं. अण्णा म्हणजे माझे वडील, करमाळ्याचे घाडगे हवालदार. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गाव त्यांना हवालदारच म्हणायचं. व्हिडिओवर बोलताना ते फोन तोंडाच्या इतका जवळ धरायचे की मला त्यांचं कपाळ आणि वरचा पंखा एवढंच दिसायचं. फोन लांब धरा म्हटलं की लांब धरायचे, आणि पुढच्याच वाक्याला पुन्हा कपाळ आणि पंखा.

"उभ्या उभ्या सांगितलंस?" कपाळाने विचारलं होतं.

"नाही अण्णा. आत जाऊन, बसवून. पहिल्याच वाक्यात."

"पहिल्याच?" आठ्या पडल्या. "अगं, मग त्या माणसानं श्वास कधी घ्यायचा?"

"इथे तसंच शिकवतात. उगाच आशा लावून ठेवायची नाही म्हणतात."

"आशा कोण लावतंय? आपण नुसतं सोबत चालायचं."

"इथे कुठे चालता अण्णा? या घरातून त्या घरात जायला गाडी लागते."

"मग गाडी लांब उभी करायची," अण्णा म्हणाले. "एवढं कळंना व्हय तुमच्या साहेबाला?"

मी हसले होते. तेही हसले असावेत; पंखा हलला.

मला पोलीस करायचं ते अण्णांच्याच मनात होतं. करमाळ्याच्या मैदानावर पहाटे माझ्यामागे सायकल घेऊन यायचे. पळण्यात मी पास झाले, उंचीत बसले नाही. त्यानंतर भरतीचं नाव घरात निघालं नाही. लग्न झालं, नवऱ्याच्या नोकरीपायी न्यूझीलंडला आले, काही वर्षांनी तो त्याच्या वाटेने गेला आणि मी तिथेच राहिले. तिथल्या पोलिसांची जाहिरात बघून अर्ज केला तर उंची कुणी मोजलीच नाही. अण्णांना कळवलं तेव्हा म्हणाले, "का गं, तिकडं चोर बुटके असत्यात काय?" आणि मग बराच वेळ नुसता पंखाच दिसत राहिला. गणवेशातली मी त्यांना पहिल्यांदा फोनवर दिसले तेव्हा एवढंच म्हणाले, "पट्टा वर घे जरा."

माझी नेमणूक दक्षिण टोकाजवळच्या त्या गावात झाली. तिथे माझ्याशी मराठी बोलणारं कुणी नव्हतं. आठवडाभर मी इंग्रजीत बोलायचे आणि रविवारी त्या कपाळाशी मराठीत. मधल्या दिवसांत कधीकधी घरात भांडी घासताना मोठ्याने काहीतरी बोलून बघायचे, आवाज तसाच आहे ना म्हणून.

मॅकरेबाईंच्या घरून परत येताना हेमी गाडी चालवत होता. ठाण्याजवळ आलो आणि माझा फोन वाजला. माझा धाकटा भाऊ, समाधान. सोमवार होता. समाधान सोमवारी फोन करत नसे. त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि बाजार उलटल्यावर सोमवारी गर्दी असते.

"ताई, ड्यूटीवर हायस का?"

"बोल."

"काही न्हाई गं. अण्णा जरा सीरियस हायत. तू निघून ये."

मी गाडीच्या काचेतून बाहेर बघत होते. एक माणूस दुकानाची पायरी झाडत होता.

"ताई? ऐकतीस का?"

"निघते," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर हेमीने विचारलं, "काय झालं?"

भावाने जे सांगितलं तेच मी इंग्रजीत सांगितलं. वडील सीरियस आहेत. माझं वाक्य बरोबर होतं आणि हेमीने त्याचा जो अर्थ होतो तोच घेतला. त्याने गाडी ठाण्याकडे वळवलीच नाही, सरळ माझ्या घरापुढे नेऊन उभी केली. "पासपोर्ट आण, कपडे भर. मी विमानाचं बघतो. डनीडनहून संध्याकाळचं मिळालं तर परवा सकाळी पोचशील. श्वास चालू आहे ना? मग वेळ आहे. चल!"

मला त्याला थांबवता आलं नाही.

करमाळ्यात सीरियस म्हणजे काय, हे मला सांगायची गरज नव्हती. सगळ्या तालुक्यात तो शब्द अण्णांइतका कुणी वापरला नसेल. अपघात झाला, कुणी विहिरीत सापडलं, की घरी निरोप द्यायला साहेब अण्णांनाच पाठवायचे. मी चौथीत असताना एकदा त्यांच्या सायकलवर पुढे बसले होते. शाळेतून मला घेऊन ते घरी सोडणार होते, वाटेत पाण्याच्या टाकीपाशी उतरले. तिथे एक ट्रक ड्रायव्हर राहायचा. त्याची बायको दारात शेंगा फोडत बसली होती.

"बाई, मालकांच्या गाडीला जरा अपघात झालाय," अण्णा म्हणाले. "सीरियस हायत. दवाखान्यात जाऊन येऊ, चला."

त्या निघाल्या. अण्णांनी मला सायकलवरच बसू दिलं आणि सायकल हातात धरून त्यांच्या बाजूने चालू लागले. तेही हळू, जसं काही घाईच नाही. पोस्टापर्यंत कुणी बोललं नाही. पोस्टापाशी अण्णा म्हणाले, "पायाला जास्त लागलंय." बाई म्हणाल्या, "पाय काय, बसून धंदा करता येतो." पिठाच्या गिरणीपाशी म्हणाले, "डोक्यालाबी लागलंय, बाई." बाईंनी पदर नुसता घट्ट केला. वाटेत ओळखीची दोन माणसं भेटली, अण्णांनी त्यांना डोळ्यांनीच बाजूला केलं. दवाखान्याच्या फाटकाशी पोचलो तशा बाई थांबल्या. अण्णाही थांबले. त्यांनी पुढचं काही सांगितलं नाही. सायकलची मूठ धरून नुसते उभे राहिले. मला आठवतं, मूठ पकडलेली त्यांची बोटं माझ्या गुडघ्याशी होती.

"हवालदार," बाईंनीच शेवटी विचारलं, "गेले का?"

"होय बाई," अण्णा म्हणाले.

घरी आल्यावर मी आईला विचारलं होतं, अण्णा खोटं का बोलले? आई भाकरी थापत राहिली. अण्णांनी बाहेरून ऐकलं असावं. जेवताना म्हणाले, "आपण सांगायचं नसतं पोरी. त्यांनी विचारेस्तोवर थांबायचं असतं."

डनीडनच्या रस्त्याला लागलो तेव्हा दुपार उतरत होती. एका बाजूला समुद्र, एका बाजूला कुरणं. हेमी अधूनमधून विचारायचा. हॉस्पिटल मोठं आहे का? हृदयाचं आहे का? आधी कधी त्रास होता का? मी हो, नाही, माहीत नाही, असं काहीतरी म्हणायचे. मग तो स्वतःच म्हणायचा, "माझ्या काकाला असंच झालं होतं. अजून मासे पकडायला जातो म्हातारा."

फोन पुन्हा वाजला.

"ताई, निघालीस का?"

"निघालेय. अण्णा कसे आहेत?"

"ऑक्सिजन लावलाय." त्याने घसा खाकरला. "डॉक्टर बघत्यात."

त्याच्यामागे आवाज होते. दवाखान्याचे नव्हते. दवाखान्यात माणसं दबून बोलतात. मागे अंगण होतं, पुष्कळ पावलं होती, आणि आमच्या आत्याचा तो लांबट, वर चढत जाणारा सूर होता, मग कुणीतरी तो दाबल्यासारखा तुटला. शेजारच्या भीमराव काकांचा आवाज मी ओळखला. ते फोनपासून तोंड फिरवून बोलत असावेत, पण पोलिसाचे कान असे असतात, नको तेच नेमकं ऐकतात.

"समाधान, विचार की लेका तिला. न्यायचं का थांबायचं? ऊन चढाय लागलंय. वहिनीनं सकाळधरनं पाणीबी घेतलं न्हाई."

समाधानने फोनवर हात ठेवला. थोड्या वेळाने म्हणाला, "ताई, हायस का? दोन मिनिटांनी करतो."

"आता नको ठेवूस," मी म्हटलं.

"का गं?"

मला तो दिसत होता. अंगणाच्या कडेला, लोकांकडे पाठ करून उभा. त्याला माझ्याकडून एक गोष्ट विचारून घ्यायची होती आणि ती विचारायची तर आधी दुसरी सांगावी लागणार होती, आणि ती सांगायची नाही हे अण्णांनी शिकवलेलं. पोस्टापर्यंत तो मला घेऊन पोचला होता. फाटक अजून लांब होतं. अण्णांची ती रीत गावात चालण्यासाठी होती. तिच्यात मध्ये समुद्र धरलेला नव्हता. आणि आई तिथे पाणी न पिता बसली होती. आईला साखरेचा आजार. मयत घरात असेपर्यंत आमच्याकडे चूल पेटत नाही, आणि ती कुणाचं ऐकणारी नव्हती.

"समाधान," मी म्हटलं, "अण्णा गेलेत. मला माहीत आहे."

पलीकडून एक आवाज आला, तो मी त्याच्याकडून लहानपणानंतर ऐकला नव्हता. मी थांबले. तिसरं वाक्य नसतं.

"सकाळी," तो म्हणाला. "उजाडताना. च्या मागितला आईला. म्हणले, जरा टेकतो. आई च्या घेऊन आली तर..."

"आई कुठेय?"

"त्यांच्यापाशीच. हातबी काढंना अंगावरनं." त्याने नाक ओढलं. "ताई, थांबतो आम्ही. ती थंड पेटी मिळती भाड्यानं, सोलापूरहून मागवतो. लाइट जाती पण जनरेटर बघतो कुणाचा तरी. तू ये. थांबतो."

हेमीने गाडी केव्हा रस्त्याच्या कडेला घेतली होती ते मला कळलं नव्हतं. त्याला शब्द कळत नव्हते. तो समोर बघत बसला होता.

"मी परवा सकाळी पोचेन," मी म्हटलं. "तोवर आई बसेल तशीच?"

मागे आत्याचा सूर पुन्हा वर चढला.

"उरकून घ्या समाधान. आजच. सावडायला मी येते."

"तोंड बघायचं न्हाई तुला?"

कुरणात एक मेंढी तारेपाशी आली होती. तिच्या तोंडातून वाफ निघत होती.

"रविवारी बघितलंय," मी म्हटलं.

फोन मांडीवर ठेवला आणि हेमीकडे वळून मी पहिल्याच वाक्यात सांगितलं, "माझे वडील मरण पावले आहेत."

त्याने डोक्यावरची टोपी काढली. "आत्ता?"

"सकाळी. त्यांच्या सकाळी."

"म्हणजे मॅकरेबाईंच्या घरी आपण..." तो थांबला. "तुला पहिल्या फोनलाच कळलं होतं?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"मला अजून कुणी सांगितलं नव्हतं."

ते त्याला कळलं की नाही, मला माहीत नाही. तो खाली उतरला, माझ्या बाजूचं दार उघडलं, आणि आम्ही तारेच्या कडेने थोडं चाललो. वारा फार होता. तो म्हणाला, "आमच्यात गेलेल्या माणसाला एकटं ठेवत नाहीत. सगळे येईपर्यंत थांबतात. लांबचा शेवटचा माणूस येईपर्यंत." मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तुझ्यासाठी थांबणार आहेत ना?"

"थांबत होते," मी म्हटलं. "मीच नको म्हटलं."

त्याने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला. परत गाडीत बसल्यावर विमानतळापर्यंत त्याने गाडी अगदी हळू चालवली. विमान चुकेल असं दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही. चुकलंही नाही.

ऑकलंडला विमान बदललं, सिंगापूरला बदललं. गणवेश मी डनीडनच्या विमानतळावर स्वच्छतागृहात उतरवून हेमीकडे दिला होता, नुसता पट्टा का कुणास ठाऊक बॅगेत राहिला. शेजारच्या सीटवरच्या एका मुलीने विचारलं, सुट्टीला चाललात का? मी हो म्हटलं. कुठल्याशा समुद्रावर असताना माझ्या लक्षात आलं की एव्हाना सगळं झालेलं असेल. आईने पाणी घेतलं असेल. मी माझ्यापुढचं पाणी घेतलं.

पुण्याहून टॅक्सी केली. करमाळा जवळ आलं तेव्हा सकाळ झाली होती आणि उन्हाने डोळे दिपत होते. मी हिवाळ्यातून आले होते. गावाच्या तोंडाशी पाण्याच्या टाकीखाली समाधान उभा दिसला. पांढरा सदरा, डोक्यावरचे केस काढलेले. त्या डोक्यामुळे तो एकदम लहान दिसत होता. त्याने हात करून टॅक्सी थांबवली आणि ड्रायव्हरला म्हणाला, "दादा, तुम्ही व्हा पुढं. बॅग घरी उतरवा. कुणालाबी हवालदाराचं घर विचारा." मग माझ्या बाजूचं दार उघडलं.

"उतर ताई. चालत जाऊ."

"ऊन आहे रे."

"असू दे."

आम्ही चालू लागलो. त्याने माझा हात धरला नाही, नुसता बाजूने चालत होता, हळू. पोस्टापर्यंत कुणी बोललं नाही. दुकानदार आपापल्या दारात उभे होते, कुणी हाक मारली नाही. भीमराव काका समोरून येत होते. समाधानने त्यांच्याकडे नुसतं बघितलं आणि ते बाजूच्या बोळात वळले.

पोस्टापाशी तो म्हणाला, "ताई, अण्णांना रविवारी रात्रीपासनंच जरा बरं वाटत नव्हतं."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो समोर बघत होता.

"जेवले होते का?" मी विचारलं.

"भाकरी नको म्हणले. दूध घेतलं."

"मग?"

"छातीत चमकतंय म्हणले. मी म्हणलं, दवाखान्यात जाऊ. तर म्हणले, सकाळी बघू."

गिरणी चालू होती. पिठाचा ऊन वास रस्त्यावर आला होता. तिथे तो थांबल्यासारखा झाला, पण थांबला नाही.

"सकाळी जास्तच झालं, ताई."

ओढणी डोक्यावरून घेतली होती ती नीट केली. आमच्या आळीचं वळण आलं. तिथून घर दिसतं. अंगणात सतरंज्या टाकलेल्या होत्या, माणसं बसली होती, आणि अण्णांची बाज भिंतीला उभी करून ठेवली होती. तिच्या नवारीवर ऊन पडलं होतं. माझे पाय थांबले.

समाधानही थांबला. त्याने काही सांगितलं नाही. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. मग त्याने दोन्ही हात पोटापुढे एकमेकांत धरले आणि तसाच माझ्याशेजारी उभा राहिला. अंगणातल्या लोकांनी आमच्याकडे पाहिलं आणि माना खाली घातल्या. कुणी उठलं नाही. घाई कुणालाच नव्हती.

"समाधान," मी विचारलं, "अण्णा गेले का?"

"होय ताई," तो म्हणाला.